उद्योगाच्या पैशावर पीएच.डी.: रकमेआधी करार वाचावा

कंपनीने दिलेल्या शिष्यवृत्तीचे पत्र घेऊन विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा बोलणे बहुधा दरमहाच्या रकमेपासून सुरू होते. ते स्वाभाविक आहे. पदव्युत्तर संशोधनाची वर्षे नेमकी अशा वयात येतात, की बरोबरीचे मित्र तोवर कमावते झालेले असतात. अशा वेळी सरकारी पाठ्यवृत्तीपेक्षा थोडी अधिक रक्कम, परिषदांचा प्रवासखर्च आणि प्रयोगशाळेला हवे असलेले एखादे उपकरण कोणी देऊ करत असेल, तर तो मोठा आधार असतो. तरीही रासायनिक अभियांत्रिकीच्या संशोधक विद्यार्थ्यांना अनेक वर्षे मार्गदर्शन केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या शिष्यवृत्तीत ठरवायला सर्वांत सोपी गोष्ट रक्कम हीच असते. संशोधनाचा प्रश्न कोणी निवडला, निष्कर्ष कधी आणि कोणाच्या संमतीने प्रसिद्ध करता येतील, कंपनीतील कोणती व्यक्ती तुमच्यासाठी वेळ काढणार आहे आणि कंपनीने अर्ध्यावर हात काढून घेतला तर प्रबंधाचे काय होणार, यांवर तुमची पुढची वर्षे अवलंबून असतात. या गोष्टी पत्रात नसतात. त्या विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातील करारात असतात, आणि तो करार बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेलाही नसतो.

उद्योगपुरस्कृत शिष्यवृत्ती या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या व्यवस्था चालतात, आणि आपल्या वाट्याला त्यांपैकी कोणती आली आहे हे आधी ओळखावे लागते. काही कंपन्या विद्यार्थ्याची गुणवत्ता आणि त्याचा विषय पाहून पैसे देतात. आयबीएमची पीएच.डी. फेलोशिप १९५१पासून चालू आहे आणि ती या प्रकारात मोडते; विद्यार्थ्याचा विषय त्याचा स्वतःचाच राहतो. ब्रिटनमधील इंडस्ट्रियल केस या योजनेत सरकारी संशोधन परिषद आणि कंपनी मिळून खर्च उचलतात, विषय दोघांच्या संमतीने ठरतो आणि विद्यार्थ्याने किमान तीन महिने कंपनीत जाऊन काम करायचे असते. फ्रान्समध्ये १९८१पासून चालू असलेल्या सिफ्र या योजनेत याहून पुढची पायरी आहे: कंपनी विद्यार्थ्याला तीन वर्षांसाठी रीतसर नोकरीवर घेते, सरकार त्याबद्दल कंपनीला अनुदान देते आणि विद्यार्थी त्याच वेळी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही नोंदलेला असतो. डेन्मार्कमधील औद्योगिक पीएच.डी. साधारण याच धर्तीवर चालते. कॅनडातील मायटॅक्स संस्थेची अ‍ॅक्सिलरेट योजना काही महिन्यांच्या तुकड्यांत पैसे देते, आणि त्यांतला वाटा भागीदार कंपनीचा असतो. भारतातही डॉक्टरेट संशोधनासाठीच्या पंतप्रधान फेलोशिपमध्ये निम्मा भार सरकारचा आणि निम्मा कंपनीचा अशी रचना केली गेली.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या सगळ्यांत एकच रेषा महत्त्वाची आहे: तुम्ही शिष्यवृत्तीधारक आहात की कर्मचारी? कर्मचारी असाल तर वेतन, सुट्ट्या, विमा आणि सामाजिक सुरक्षेचे हक्क मिळतात. मात्र तुम्ही केलेले काम कायद्याच्या नजरेत बहुधा मालकाचे काम ठरते, आणि नोकरी गेली तर पीएच.डी.चा आर्थिक पायाही त्याच दिवशी जातो. शिष्यवृत्तीधारक असाल तर हक्क कमी असतात, पण विद्यापीठाशी असलेले नाते घट्ट राहते आणि अनेक देशांत करआकारणीही वेगळी होते. दोन्हींपैकी एक चांगले आणि दुसरे वाईट असे मी म्हणणार नाही. आपण कोठे उभे आहोत हे माहीत नसताना तीन वर्षे काम करणे मात्र धोक्याचे आहे.

ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या आरंभीच्या प्रयोगांत आजही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात रॉबर्ट केनेडी डंकन या रसायनशास्त्रज्ञाने १९०७मध्ये औद्योगिक फेलोशिपची पद्धत सुरू केली. कंपनीने एक अडचण सांगायची, तिच्यासाठी पैसे द्यायचे आणि विद्यापीठाने नेमलेल्या तरुण संशोधकाने ठरावीक मुदतीत केवळ तेवढ्याच प्रश्नावर काम करायचे, अशी ती योजना होती. पहिली फेलोशिप कपड्यांच्या धुलाईच्या रसायनशास्त्रावरची होती. डंकनचे लेखन वाचून पिट्सबर्गच्या मेलन या धनाढ्य बँकर बंधूंनी त्याला आपल्याकडे बोलावले, आणि १९१३मध्ये मेलन इन्स्टिट्यूट उभी राहिली. हीच संस्था १९६७मध्ये कार्नेगी तंत्रसंस्थेत विलीन होऊन आजचे कार्नेगी मेलन विद्यापीठ झाले. डंकनच्या योजनेत मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या तिच्या अटी. शोधावर कंपनीचा हक्क राहील, पण त्यातून नफा झाला तर संशोधकालाही वाटा मिळेल आणि गुप्तता काही ठरावीक काळापुरतीच राहील, हे त्याने सुरुवातीलाच लिहून घेतले होते. शंभरहून अधिक वर्षे उलटल्यानंतरही माझ्यासमोर येणाऱ्या कित्येक करारांत ही स्पष्टता नसते.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आहे. लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनातून सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक उरले, आणि ती रक्कम सांभाळणाऱ्या आयोगाने १८९१पासून विज्ञान संशोधनासाठी शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. पैसा एका कंपनीचा नव्हता, पण संशोधनाचा विषय देशाच्या उद्योगांच्या दृष्टीने महत्त्वाचा असावा अशी अपेक्षा होती. न्यूझीलंडमधून एका वर्षी दोन उमेदवार पुढे आले. सायनाइड वापरून सोने काढण्याच्या रसायनशास्त्रावर काम केलेल्या जेम्स मॅक्लॉरिनची निवड आधी झाली. उद्योगाच्या निकषावर ती निवड समजण्यासारखीच होती. मॅक्लॉरिनला शिष्यवृत्ती स्वीकारता आली नाही, म्हणून ती दुसऱ्या उमेदवाराकडे गेली. लोखंडाच्या चुंबकीकरणावर उच्च वारंवारतेच्या विद्युत् विसर्गाचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय होता. १८९५मध्ये तो केंब्रिजला पोहोचला. त्याचे नाव अर्नेस्ट रदरफर्ड, पुढे अणुकेंद्रकाचा शोध लावणारा शास्त्रज्ञ. सोन्याच्या रसायनशास्त्राचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. निवड समितीला उपयोगाचा निकष लावताना किती जवळचे दिसते आणि किती दूरचे दिसत नाही, हे या घटनेत फार स्पष्ट दिसते. हाच आयोग आज उद्योगात राहून डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी औद्योगिक फेलोशिप देतो, ही गोष्ट मला विशेष वाटते.

आता प्रश्नाच्या निवडीकडे वळतो, कारण माझ्या मते उद्योगपुरस्कृत पीएच.डी. यशस्वी होते किंवा फसते ती येथेच. कंपनीकडे अडचणी असतात. प्रबंधाला प्रश्न लागतो. या दोहोंत फरक आहे. एखादी कंपनी म्हणते, की आमच्या उष्मा विनिमयकाच्या (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांत काही महिन्यांत क्षारांचा थर साचतो, तो कमी करून द्या. ही खरीखुरी अडचण आहे. थर उष्णता अडवतो, इंधन जास्त लागते, यंत्रणा बंद ठेवून सफाई करावी लागते. पण एवढेच उद्दिष्ट धरले, तर विद्यार्थी वेगवेगळी रसायने पाण्यात घालून पाहत राहील, त्यांपैकी एखादे उपयोगी पडेल, कंपनी समाधानी होईल आणि परीक्षक विचारतील की यातून नवे ज्ञान कोणते मिळाले. हे काम सल्लागाराचे आहे आणि त्यासाठी सल्लागाराचे शुल्क द्यावे, शिष्यवृत्ती देऊ नये.

हीच अडचण प्रश्नाच्या रूपात मांडता येते. अशा थरात आढळणारे कॅल्शियम कार्बोनेट बहुतेक क्षारांच्या उलट वागते. पाणी तापले की त्याची विद्राव्यता कमी होते, म्हणून जेथे नळीची भिंत सर्वांत गरम तेथेच थर धरतो. मग भिंतीवर पहिला स्फटिक नेमका कशावर रुजतो, पृष्ठभागाचा खडबडीतपणा त्याला किती मदत करतो, प्रवाहाचा वेग वाढवला तर साचण्याचा वेग वाढतो की थर खरवडून निघण्याचा, आणि या दोन वेगांचा समतोल कोणत्या तापमानाला बदलतो, हे विचारता येते. या प्रश्नांची उत्तरे त्या कंपनीला उपयोगी पडतातच, शिवाय उद्या तिने कारखाना विकला किंवा उत्पादन बदलले तरी ती उत्तरे टिकून राहतात. मी विद्यार्थ्यांना हीच कसोटी सांगतो: कंपनीचे नाव आणि तिचे उत्पादन प्रबंधातून पूर्णपणे काढून टाकले, तर मागे काय उरते ते पाहावे. काही उरत नसेल, तर विषय स्वाक्षरीपूर्वी बदलून घ्यावा. नंतर तो बदलणे फार अवघड जाते, कारण तोवर कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत त्या प्रकल्पाची उद्दिष्टे आणि तारखा नोंदल्या गेलेल्या असतात.

वेळेचा हिशेबही येथेच मांडावा लागतो. कंपनी तिमाहीच्या आणि वर्षाच्या भाषेत विचार करते; पीएच.डी. तीन ते पाच वर्षांच्या भाषेत. पहिल्या वर्षी विद्यार्थी साहित्य वाचतो, उपकरण जुळवतो, मोजमापातील त्रुटी शोधतो, आणि दर तीन महिन्यांनी कंपनीसमोर सादरीकरण करताना त्याच्याकडे दाखवण्यासारखे फार थोडे असते. माझ्या पाहण्यात असे विद्यार्थी आहेत, की या सादरीकरणांच्या दडपणाखाली त्यांनी मूळ प्रश्न बाजूला ठेवून लवकर आलेख काढता येतील असे प्रयोग करायला सुरुवात केली. दोष त्यांचा नव्हता. प्रगतीचे टप्पे ठरवताना, एखादी पद्धत विश्वासार्ह असल्याचे सिद्ध करणे हादेखील एक टप्पा आहे, हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. उद्योगातील अनुभवी माणसांना हे समजावून सांगितले तर लगेच पटते, असा माझा अनुभव आहे, कारण चुकीच्या मोजमापावर कारखान्यात निर्णय घेतल्याचे परिणाम त्यांनी पाहिलेले असतात. नकारात्मक निष्कर्षाचेही तसेच आहे. एखादा मार्ग चालत नाही एवढे कळले तरी कंपनीचा मोठा खर्च वाचतो. प्रबंधासाठी मात्र तो का चालत नाही हे दाखवावे लागते, आणि तेवढी मुदत विद्यार्थ्याला मिळायला हवी.

प्रसिद्धीचा मुद्दा याहून नाजूक आहे. संशोधकाची ओळख त्याच्या शोधनिबंधांतून होते, आणि पुढची नोकरी किंवा पाठ्यवृत्ती मिळवताना विद्यार्थ्याकडे दाखवायला दुसरे काही नसते. कंपनीला मात्र दोन वास्तविक भीती असतात: आपली व्यापारी गुपिते बाहेर जातील, आणि पेटंट घेण्याची संधी हुकेल. दुसरी भीती समजून घेण्यासारखी आहे. युरोपच्या पेटंट कायद्यानुसार अर्ज दाखल करण्याआधी शोध कोणत्याही स्वरूपात जाहीर झाला, तर त्याची नवीनता संपते. अमेरिकेत शोधकाने स्वतः जाहीर केल्यानंतर एक वर्षाची सवलत मिळते, पण जगभर पेटंट हवे असलेली कंपनी त्यावर विसंबून राहू शकत नाही. जाहीर होणे म्हणजे केवळ शोधनिबंध छापून येणे नव्हे. परिषदेतील भित्तिपत्रक, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, सर्वांना खुले असलेले व्याख्यान, हे सगळे त्यात येते. त्यामुळे लेख पाठवण्यापूर्वी कंपनीला तो वाचायला देणे ही वाजवी अट आहे. साधारण ३० ते ६० दिवसांची मुदत, आणि पेटंटचा अर्ज करायचा असेल तर आणखी तेवढीच वाढ, अशी पद्धत अनेक विद्यापीठांत रूढ आहे. कंपनीला वाचण्याचा आणि सूचना करण्याचा हक्क असावा. लेख कायमचा रोखण्याचा हक्क नसावा. करारात ‘संमती’ हा शब्द आहे की ‘पूर्वसूचना’, एवढे पाहिले तरी निम्मी परिस्थिती कळते.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील जीवविज्ञान क्षेत्रातील प्राध्यापकांचे एक मोठे सर्वेक्षण १९९७मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २० टक्के जणांनी आधीच्या तीन वर्षांत निदान एकदा तरी आपले निष्कर्ष सहा महिन्यांहून अधिक काळ रोखून धरल्याचे सांगितले होते. प्राध्यापकाच्या कारकिर्दीत सहा महिने खपून जातात. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याच सहा महिन्यांत अर्जाची एक अख्खी फेरी निघून जाते.

दोन्ही बाजूंचा मान राखून मार्ग निघू शकतो याचे एक सुंदर उदाहरण संख्याशास्त्रात आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीने विल्यम सीली गॉसेट या आपल्या तरुण कर्मचाऱ्याला १९०६मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी पाठवले. थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, ही अडचण कंपनीची होती. बार्लीच्या आणि बिअरच्या चाचण्यांत नमुने नेहमीच मोजके असत. गॉसेटने तिचे सर्वसामान्य प्रश्नात रूपांतर केले. कंपनीला आपले नाव आणि आपली माहिती बाहेर जाऊ द्यायची नव्हती, म्हणून १९०८मध्ये त्याचा निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला गेला. मोजक्या नमुन्यांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी, आज विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत वापरली जाणारी टी-चाचणी त्यातूनच आली. लेखकाचे नाव झाकणे आजच्या विद्यार्थ्याला परवडणार नाही, पण विदा (डेटा) झाकणे बहुतेक वेळा शक्य असते. मिश्रणाचे नेमके प्रमाण न सांगता त्याचे गुणधर्म देता येतात, प्रत्यक्ष तापमानाऐवजी गुणोत्तरे देता येतात, कंपनीच्या उत्प्रेरकाच्या जोडीने बाजारात मिळणाऱ्या एखाद्या उत्प्रेरकावर तेच प्रयोग करून ते पूर्ण तपशिलासह छापता येतात. शेवटचा उपाय मी नेहमी सुचवतो. त्यासाठी थोडे काम वाढते, पण प्रबंधाचा कणा कोणाच्याही गुपितावर अवलंबून राहत नाही.

बौद्धिक संपदेबाबत विद्यार्थ्यांच्या मनात दोन गोष्टींची गल्लत असते, ती दूर करायला हवी. शोधक कोण आणि शोधाचा मालक कोण, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मालकी करारानुसार कंपनीकडे किंवा विद्यापीठाकडे जाऊ शकते. शोधक म्हणून नाव मात्र ज्याने शोध लावला त्याचेच लागते, आणि ते कोणत्याही करारात विकता येत नाही. विद्यार्थ्याने सुचवलेल्या कल्पनेवर पेटंट घेतले जात असेल, तर अर्जात आपले नाव आहे की नाही हे त्याने विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. त्याचबरोबर कंपनीने आधीपासून जमवलेले ज्ञान, विद्यार्थ्याने आणि त्याच्या गटाने आधी केलेले काम, आणि प्रकल्पातून नव्याने निघालेले निष्कर्ष, यांची नोंद सुरुवातीलाच वेगवेगळी करून ठेवावी. तारखांसह लिहिलेली प्रयोगवही येथे कोणत्याही साक्षीदारापेक्षा अधिक उपयोगी पडते. फ्लोरिडातील एका विद्यापीठात कंपनीच्या पैशावर सांडपाण्यातील अमोनिया काढण्याच्या प्रकल्पात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने, आपला शोध प्रकल्पाबाहेरचा आणि स्वतःचा असल्याचा दावा केला. १९९०मध्ये तो व्यापारी गुपिते चोरल्याच्या आरोपाखाली दोषी ठरला. पुढे त्याने त्या शोधाचे पेटंट मिळवले आणि न्यायालयाच्या अटी मोडल्याबद्दल १९९६मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले. कोणाची बाजू किती खरी होती यावर मतभेद राहिले आहेत. प्रकल्प कोठे संपतो आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे काम कोठे सुरू होते, हे कागदावर असते तर गोष्ट त्या थराला गेली असती का, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

एवढे धोके सांगितल्यावर कोणी विचारेल, की मग ही शिष्यवृत्ती घ्यावीच कशाला? मी तिचा मनापासून पुरस्कर्ता आहे, आणि त्याचे कारण पैसा नसून कंपनीतील मार्गदर्शक आहे. प्रयोगशाळेत काचेच्या पात्रात उत्तम चालणारी अभिक्रिया मोठ्या अभिक्रियापात्रात नेली की वेगळी वागते. पात्राची लांबी, रुंदी आणि उंची दहापट केली, तर आकारमान हजारपट होते आणि पृष्ठभाग मात्र शंभरपटच होतो. म्हणजे निर्माण होणारी उष्णता हजारपट आणि ती बाहेर जायला वाट शंभरपट. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण तापमान हातातून निसटू लागल्यावर काय काय करावे लागते, कोणती झडप आधी उघडावी लागते आणि म्हणून यंत्रणेची रचनाच वेगळी का करावी लागते, हे कारखान्यात आयुष्य घालवलेला अभियंता सांगतो तेव्हा विद्यार्थ्याचे संशोधनाचे प्रश्नच बदलतात. माझे काही विद्यार्थी कंपनीतून परतल्यावर स्वतःच्या जुन्या प्रयोगांकडे इतक्या चिकित्सक नजरेने पाहू लागले, की तसे शिक्षण मी वर्गात देऊ शकलो नसतो.

म्हणून कंपनीतील मार्गदर्शकाचा वेळ ही शिष्यवृत्तीची खरी मात्रा आहे, आणि तीही करारात मोजून घ्यावी. ब्रिटनमध्ये १९९२पासून सुरू झालेल्या इंजिनिअरिंग डॉक्टरेटमध्ये विद्यार्थी चार वर्षांपैकी सुमारे ७५ टक्के वेळ कंपनीत असतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी औद्योगिक डॉक्टरेटमध्ये निदान निम्मा वेळ विद्यापीठाबाहेर घालवावा लागतो. आकडे चांगले आहेत, पण कंपनीच्या इमारतीत बसणे आणि कंपनीतील जाणत्या माणसाबरोबर काम करणे या निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याने विचारावे, की मार्गदर्शकाने आधी कोणाला मार्गदर्शन केले आहे का, त्याच्या कामाच्या मूल्यमापनात या वेळेची नोंद होते का, आणि तो कंपनी सोडून गेला तर त्याच्या जागी कोण येईल. शक्य असेल तर आधीच्या एखाद्या शिष्यवृत्तीधारकाशी बोलावे. तासभराच्या त्या बोलण्यातून जे कळते, ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

कंपनीने माघार घेणे ही अपवादात्मक घटना नाही. कंपन्या विकल्या जातात, संशोधन विभाग बंद होतात, नवे संचालक येतात आणि प्राधान्यक्रम बदलतात; यांत वाईट हेतू असतोच असे नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती देणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि नव्या मालकांना त्या विषयात रस नव्हता. सुदैवाने करारात, पदवीसाठी विद्यापीठाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत निधी चालू राहील आणि तोवरचे सर्व निष्कर्ष तिला प्रबंधात वापरता येतील, असे कलम होते. तिची पीएच.डी. पूर्ण झाली. असे कलम नसलेल्या दुसऱ्या एका विभागातील विद्यार्थ्याला नमुने परत करावे लागले, त्यांवरील मोजमापे वापरण्याची परवानगी मिळाली नाही, आणि त्याला विषय बदलून जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली. दोघेही सारखेच मेहनती आणि हुशार होते.

या शिष्यवृत्त्यांमुळे विज्ञानाचा तोल एका बाजूला झुकतो, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. ज्या विषयांना जवळची बाजारपेठ आहे त्यांना पैसा मिळतो. शुद्ध गणित, वर्गीकरणशास्त्र किंवा खगोलशास्त्र यांच्याकडे कंपन्या क्वचितच वळतात. कंपन्या आपल्या ओळखीच्या मोजक्या संस्थांतूनच विद्यार्थी निवडतात, त्यामुळे दूरच्या संस्थेतील चांगला विद्यार्थी त्यांच्या नजरेसच पडत नाही. अमेरिकेत १९७६पासून काम करणाऱ्या जेम या संघटनेने, अभियांत्रिकीत कमी प्रमाणात असलेल्या समाजघटकांतील विद्यार्थ्यांना कंपन्यांशी जोडून हे चित्र थोडे बदलले. गुप्ततेच्या आणि झुकत्या तोलाच्या प्रश्नाला अमेरिकेतील सेमिकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन या चिप-उद्योगाच्या संस्थेने वेगळे उत्तर शोधले. १९८२मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या पैसे एकत्र करतात आणि सर्वांना लागणाऱ्या मूलभूत प्रश्नांवरील विद्यापीठीय संशोधनाला ते देतात. पैसा अनेकांचा असल्यामुळे एका कंपनीची गुप्तता विद्यार्थ्यावर लादली जात नाही, आणि शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी कोणत्याही सभासद कंपनीत जाऊ शकतो. बॅटरी, पाणीशुद्धीकरण, सिमेंट यांसारख्या क्षेत्रांत ही पद्धत अधिक वापरली जावी असे मला तीव्रतेने वाटते. तेथे मूलभूत प्रश्न सर्व कंपन्यांचे जवळजवळ सारखेच असतात, आणि प्रत्येक कंपनी ते बंद दारामागे एकेका विद्यार्थ्याकडून सोडवून घेत असते.

करार वाचणे हे विद्यार्थ्याचे काम आहे असे मी म्हटले, पण सगळा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यासमोर कंपनीचा विधी विभाग आणि विद्यापीठाचे कार्यालय असे दोन अनुभवी पक्ष असतात, आणि पुष्कळदा तो स्वतः करारातील पक्षही नसतो; त्याच्यावर अटी तेवढ्या लागू होतात. ब्रिटनमध्ये २००५मध्ये लॅम्बर्ट करार या नावाने विद्यापीठे आणि उद्योग यांच्यातील सहकार्यासाठी नमुना करार तयार करून सर्वांना उपलब्ध करून देण्यात आले, आणि त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्या कलमापासून वाटाघाटी करण्याची गरज कमी झाली. प्रत्येक विद्यापीठाने संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी असाच एक नमुना ठेवावा. प्रबंध सादर करण्याचा विद्यार्थ्याचा हक्क कोणत्याही कारणाने अडवता येणार नाही, हे त्यात असावे. गोपनीयतेची मुदत महिन्यांत लिहिलेली असावी, आणि कंपनीने माघार घेतल्यास उरलेल्या काळाचा खर्च कोण उचलेल तेही नमूद असावे. परीक्षकांना गोपनीयतेच्या करारावर स्वाक्षरी करावी लागणार असेल, तर तो मसुदा शेवटच्या आठवड्यात नव्हे, सुरुवातीलाच जोडलेला असावा.

माझ्या गटात आता स्वाक्षरीपूर्वी एक बैठक होते. कंपनीतील मार्गदर्शक, मी आणि विद्यार्थी असे तिघे बसतो, आणि करारातील प्रसिद्धी, मालकी, वेळ आणि माघार यांबाबतची कलमे विद्यार्थी मोठ्याने वाचतो. जे कलम त्याला कळत नाही, ते आम्ही दोघांपैकी एकाने साध्या भाषेत समजावून सांगायचे. आम्हालाही ते सांगता आले नाही, तर ते कलम विधी विभागाकडे परत जाते. यात सुरुवातीचे काही आठवडे जातात आणि एखादी कंपनी कधी नाराजही होते. कराराची एक प्रत विद्यार्थ्याकडे राहते.